जुन्या लाकडी रेल्वे डब्याचे मूळ भाग कुठे शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुर्डुवाडीजवळच्या तुमच्या शेतात नॅरोगेजचा, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीचा, एक लाकडी प्रवासी डबा उभा आहे. वडिलांनी तो रेल्वेच्या लिलावात घेतला होता. चाकं तेव्हाच काढलेली होती, आणि पुढची तीसेक वर्षं डब्यात कडबा आणि अवजारं राहिली. आता तुम्हाला तो नीट करून गावातल्या मुलांसाठी वाचनालय करायचं आहे. चारपैकी दोन दारं नाहीत, पितळी मुठी आणि कुलपं एकही शिल्लक नाही, खिडक्यांच्या झिलमिल्या, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा, निम्म्या तुटल्यात. हे मूळ भाग कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंय.

मी सुतार आहे. जुने डबे, टांगे आणि वाड्यांची दारं दुरुस्त करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. लाकडी डब्यांचं काम मला मुंबईच्या माटुंगा रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका सुतारकाकांनी शिकवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट तुम्हालाही सांगतो. सगळे भाग शोधायला निघू नका, प्रत्येक प्रकारातला एक अस्सल नमुना शोधा. चार खऱ्या मुठी गोळा करण्यात उमर जाईल. एक खरी मूठ हातात असली तर उरलेल्या तीन हुबेहूब करून घेता येतात. तेव्हा "कुठे मिळेल?" हा प्रश्न नंतरचा. माझ्या डब्यावर नेमकं काय होतं आणि त्याचा पुरावा काय, हे आधी ठरलं पाहिजे. ते न ठरवता बाजारात गेलेला माणूस दिसायला सुंदर पण चुकीचं पितळ घेऊन परत येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. डबा जागेवरच उभा राहणार असेल, आणि तुमचा राहणारच आहे, तर निम्मी चिंता मिटली. रुळावर माणसं घेऊन धावणाऱ्या डब्यात भंगारातून आणलेली स्प्रिंग, ब्रेकचा दांडा किंवा जोडणीचा हूक मी कधीच विश्वासावर बसवणार नाही. अशा पोलादात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते आणि तिची तपासणी वेगळ्या माणसांनी करायची असते. दारं, खिडक्या, बाकं आणि दिवे यांत तेवढा धोका नाही. दुसरी गोष्ट गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची. आपल्याकडे १६७६, १०००, ७६२ आणि ६१० मिलिमीटर अशा चार रुंदीचे रूळ होते. चाकं आणि सांगाडा एका गेजचे दुसऱ्याला लागत नाहीत, पण दाराची कुलपं, खिडकीच्या कड्या, टोपी-कोटाच्या खुंट्या, दिव्यांचे पंजे हे सामान बऱ्याचदा सगळीकडे एकाच घडणीचं असायचं. त्यामुळे तुमच्या छोट्या डब्याची मूठ एखाद्या ब्रॉडगेज डब्याच्या दारावरही सापडू शकते. शोध फक्त नॅरोगेजपुरता ठेवू नका.

तुमच्या भागातला डबा म्हणजे बहुतेक बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावरचा असणार. ती गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती ७६२ मिलिमीटर रुंदीवर उभारली आणि डब्यांसाठी लीड्स फोर्जच्या दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी वापरल्या. हे एवढ्यासाठी सांगतोय की तुमच्या डब्याखाली पोलादी चौकट शिल्लक असेल तर तिच्यावर कारखान्याची पाटी किंवा ठोकलेला आकडा शोधा. गंज तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढा, ग्राइंडर लावू नका. एक आकडा सापडला तरी डबा कुणी बांधला, कोणत्या काळातला, याचा धागा हाती लागतो. मात्र जागेवरून अंदाज बांधून थांबू नका. डबे एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जात आणि कारखान्यात त्यांची अंगं बदलली जात.

आता शोध कुठून सुरू करायचा? डब्यातूनच.

खाली सरकणारी काच किंवा झिलमिली असलेल्या डब्यात खिडकीखाली बाहेरची फळी आणि आतली फळी यांच्यामध्ये एक पोकळी असते. झडप तिच्यात उतरते. शंभर वर्षांत त्या पोकळीत काय काय पडलेलं असतं! आतली फळी स्क्रू काढून हळूच उघडा आणि तळाचा गाळ चाळणीने चाळा. एका डब्यात मला अशा पोकळीतून झिलमिलीच्या अकरा पट्ट्या, खिडकीची पितळी कडी, चामड्याच्या पट्ट्याचा तुकडा आणि पुठ्ठ्याचं अर्धं तिकीट मिळालं होतं. त्या कडीसाठी मी आधी सहा महिने बाजार पालथा घातला होता आणि ती डब्यातच होती. बाकाखालची जागा, दोन फळ्यांमधल्या फटी, छताच्या कडेची पन्हळ, सगळं असंच बघा. गाळ फेकू नका. सडलेली पट्टीसुद्धा जाडी, रुंदी आणि कडेची गोलाई सांगते.

सामान नसेल तिथे त्याची खूण असते. मूठ जिथे होती तिथे रंगाचे थर कमी असतात, लाकूड किंचित दबलेलं असतं आणि स्क्रूची भोकं शिल्लक असतात. पातळ ट्रेसिंग कागद लावून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासा. पाटीचा पूर्ण आकार भोकांसकट उमटतो. बाजारात जाताना फोटोपेक्षा हा ठसा न्या. फोटोत सगळ्या मुठी सारख्या दिसतात. ठसा वस्तूच्या पाठीवर ठेवला की सगळी भोकं जुळतात की नाही, ते क्षणात कळतं. आणि मापं इंचात घ्या. विलायती घडणीच्या वस्तूची भोकं साडेतीन इंचांवर असतात, ८९ मिलिमीटरवर नसतात. मिलिमीटरमध्ये मोजलं की माणूस आकडा गोल करतो आणि चूक तिथेच घुसते. बोल्ट असेल तर त्याचे आटे व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, ५५ अंशांचे असण्याची शक्यता मोठी आहे. आजचा मेट्रिक नट त्यावर जबरदस्तीने फिरवलात तर दोन्ही जातील.

जुना स्क्रू काढताना आधी किंचित आवळा, मग सैल करा. हलत नसेल तर डोक्यावर डाख देण्याची तापलेली कावी मिनिटभर टेकवून थंड होऊ द्या. पितळी स्क्रूचं डोकं तुटलं की आतला दांडा काढताना लाकूड फाटतं, म्हणून इथे घाई नको.

डबा पुरता तपासून झाला की गावात फिरा. लाकडी डबे मोडीत निघाले तेव्हा त्यांचा साग कुणी जाळला नाही. चेन्नईच्या पेरांबूरचा पोलादी डब्यांचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला आणि लाकडी अंगाचे डबे हळूहळू प्रवासी गाड्यांतून बाजूला झाले. काही डबे रेल्वेनेच कामगारांच्या राहण्याचे डबे म्हणून किंवा अपघात मदत गाडीत आणखी काही वर्षं वापरले. उरलेले लिलावात गेले. घेणाऱ्याने लोखंड वेगळं विकलं आणि साग सुतारांना. त्यामुळे रेल्वेच्या गावांत, म्हणजे कुर्डुवाडी, दौंड, मिरज, भुसावळ, इगतपुरी इथे, जुन्या घरांची न्हाणीघराची दारं, गोठ्याची झडप, दुकानातलं बाकडं बारकाईने बघा. खाली सरकणारी काच असलेलं दार स्वयंपाकघराला लावलेलं मी पाहिलंय. घरातल्या आजींना ते कुठून आलं ते पक्कं माहीत होतं. अशा ठिकाणी वस्तू मागू नका, आधी मोजू द्या म्हणा. लोक आनंदाने मोजू देतात. बऱ्याचदा मापच पुरतं आणि दार त्यांच्या घरातच राहतं.

निवृत्त कर्मचाऱ्यांना जरूर भेटा. कुर्डुवाडीला नॅरोगेजचा कारखाना आहे, तिथे हाताने काम केलेली माणसं तुमच्याच तालुक्यात सापडतील. त्यांना "भाग आहेत का?" असं विचारलंत तर नाही म्हणतील. ठसा दाखवून "काका, हे काय असायचं?" असं विचारा, मग गोष्टी निघतात. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे आणि दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. दिल्लीत बडोद्याच्या महाराजांचा १८८६ चा आणि म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून, म्हणजे खास राजांसाठी बांधलेला डबा, आहे. राजांचे सलून तुमच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यासारखे नाहीत हे खरं, पण दार चौकटीत कसं बसतं, पाणी बाहेर कसं जातं, हे तिथे उभं राहून बघितलं की कागदावरच्या चित्रापेक्षा जास्त उमगतं. मोजमाप घ्यायचं असेल तर आधी लेखी परवानगी मागा.

यानंतर बाजार. मुंबईचा चोरबाजार शुक्रवारी बंद असतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईतल्या दारूखाना भागात आणि गुजरातमधल्या अलंगच्या आसपास, जिथे जुनी जहाजं मोडतात, जहाजाचं पितळ मिळतं आणि रेल्वेचं म्हणून खपतं. जहाजावरची वस्तू बऱ्याचदा पोलादी भिंतीला बोल्टने बसवलेली असते, म्हणून तिचं भोक सरळ आरपार असतं. डब्यातली वस्तू लाकडाला स्क्रूने बसायची, त्यामुळे स्क्रूचं डोकं बुडावं म्हणून भोकाला खोलगट कड असते. दर वेळी हे लागू पडेल असं नाही, तरी हातात घेतल्या घेतल्या मी हेच पाहतो.

नकलांबद्दल जरा सविस्तर सांगावंच लागेल. मी स्वतः एकदा "जी. आय. पी. आर." (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कोरलेल्या सहा मुठी घेतल्या. विकणाऱ्याने एका जुन्या बंगल्यातून निघाल्याचं सांगितलं. घरी येऊन ठशावर ठेवल्या तर भोकं थोडी आत पडत होती. सहाही मुठींत फरक तेवढाच. तेव्हा सुतारकाकांनी कारण समजावलं. पितळ ओतल्यावर थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. खऱ्या मुठीचाच साचा घेऊन कुणी नक्कल ओतली, तर २०० मिलिमीटरची मूठ १९७ ची होते. म्हणून नक्कल जवळजवळ नेहमी मुळापेक्षा थोडी लहान निघते. त्या दिवसापासून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर माझ्या पिशवीत असतो. दुसरी खूण झिजेची. खऱ्या मुठीवर जिथे अंगठा पडतो तिथेच धातू झिजलेला असतो, पाठीमागची बाजू ओबडधोबड आणि काळवंडलेली असते. नकलेवर झीज सगळीकडे सारखी असते, अक्षरांच्या कडा मऊ असतात आणि पाठही घासून चकचकीत केलेली असते. अक्षरं कोरलेली आहेत म्हणून जास्त पैसे देऊ नका. तुमच्या डब्यासाठी अक्षरं नसलेली, पण भोकं जुळणारी मूठ जास्त मोलाची आहे.

कागदपत्रांबद्दल मी हात जोडून सांगतो, हलगर्जी करू नका. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविषयी १९६६ चा कायदा आहे. चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती कायदेशीर मार्गाने आली हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची असते. पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून वडिलांची लिलावाची पावती शोधा, तिच्या प्रती काढा. बाजारातून घेतलेल्या प्रत्येक तुकड्याची पावती, विकणाऱ्याचं नाव-गाव, तारीख आणि वस्तूचा फोटो एका वहीत चिकटवा. स्टेशनच्या आसपास कुणी पिशवीतून चमकतं पितळ काढून दाखवलं तर हात लावू नका, कितीही खरं असलं तरी. एखाद्या चालत्या गाडीचं किंवा जपलेल्या डब्याचं ते असू शकतं. रेल्वेचं भंगार आता आयआरईपीएस या सरकारी संकेतस्थळावर ई-लिलावाने जातं. तिथे नोंदणी लागते आणि माल गठ्ठ्याने विकला जातो, चार मुठी वेगळ्या मिळत नाहीत. लिलाव जिंकणाऱ्या भंगारवाल्याशी आधी ओळख करून ठेवणं हा जास्त व्यवहार्य मार्ग. पितळ तो वजनावर विकतो आणि ते लगेच वितळायला जातं, त्यामुळे माल उचलायच्या दिवशी तुम्ही तिथे हजर असायला हवं.

नमुना मिळाला की पुढचं काम ओताऱ्याचं. त्याला मूळ मूठ साच्यासाठी देऊ नका, कारण तीच दीड टक्क्याची चूक होईल. मुठीवरून दीड टक्का मोठा लाकडी साचा करून द्या. घासायला थोडं जास्तीचं अंग ठेवा. नवीन मुठीच्या पाठीवर वर्ष ठोका, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला खरी कुठली आणि नवी कुठली हे कळेल.

झिलमिली आणि दारं नवीनच करावी लागतील, पण लाकूड जुनं वापरता येईल. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. त्यांची वर्षवलयं आजच्या लागवडीच्या सागापेक्षा दाट असतात, आणि तुमच्या डब्याच्या सागाशी रंगही जमतो. घेताना टोकाचा पातळ काप काढून आतलं बघा, वरच्या रंगावर जाऊ नका. चिरण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. एका लपलेल्या खिळ्याने करवतीचं पातं जातं, आणि डोळाही जाऊ शकतो. चिरलेल्या फळ्या किमान महिनाभर सावलीत काड्या घालून रचून ठेवा, वाकायच्या त्या तेव्हाच वाकू देत. सागात तेल असतं म्हणून चिकटवण्याआधी सांधा थिनरने पुसून लगेच जोडा. डब्याचे उभे खांब बहुतेक खालच्या फूट-दीड फुटात सडतात, कारण खिडकीच्या पोकळीतलं पाणी तिथे साचतं. पूर्ण खांब बदलू नका. सडका भाग तिरका कापून नवा तुकडा जोडा. तिरक्या कापाची लांबी खांबाच्या जाडीच्या आठपट ठेवा, जोड पक्का बसतो. वरचा मूळ खांब आणि त्यावरची कारागिराची खूण जागेवर राहते. पोकळीच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती बुजलेली असतील. ती मोकळी केली नाहीत तर नवा साग पण दहा वर्षांत जाईल.

तुम्ही इथे मुलांना बसवणार आहात म्हणून रंगाचं सांगतो. त्या काळच्या रंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडा सँडपेपर मारू नका. पाणी मारून ओलं ठेवून खरवडा, चांगला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, खरवडलेलं सगळं बंद पिशवीत भरा आणि काम चालू असताना मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. खरवडण्याआधी एका आडबाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बारीक ओल्या पॉलिश पेपरने थर एकेक करून उघडा. झाडाच्या वलयांसारखे सगळे रंग दिसतील, सर्वांत आतला पहिला. त्याचा फोटो उजेडात काढून ठेवा आणि ती जागा तशीच राहू द्या.

आणखी एक. शोधताना तुम्हाला कदाचित दुसरा डबा सापडेल, पडका, मालक स्वस्तात द्यायला तयार. त्याची दारं काढून आपल्याला लावावीत असा मोह होईल. माझी विनंती आहे की तो डबा निम्मा जरी उभा असेल तरी मोडू नका. मोजा, ठसे घ्या, एखादी कडी साच्यासाठी उसनी घेऊन परत करा. असे डबे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि त्या डब्यालाही उद्या तुमच्यासारखा कुणीतरी भेटू शकतो. छत पूर्ण कोसळलंय, खांब हाताने चुरा होतात, अशी अवस्था असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सगळं सामान नंबर टाकून काढा आणि मोडण्याआधी चारही बाजूंनी पट्टी धरून फोटो घ्या.

आता मे चालू आहे, तेव्हा मूठ, कुलूप, वखार सगळं पावसानंतर. या आठवड्यात छतावर ताडपत्री टाका. ती थेट छतावर पसरू नका, खाली घाम धरून लाकूड सडतं. मध्ये बांबूचा कणा उभारून दोन्ही बाजूंना उतार द्या आणि टोकं मोकळी ठेवा, वारा आरपार गेला पाहिजे. कडबा बाहेर काढा, पण झाडू मारून कचरा शेतात टाकू नका, एका पोत्यात भरून ठेवा. मग एका खिडकीखालची फळी उघडून बघा आणि आत काय मिळालं त्याचे फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून इथे टाका. दाराच्या चौकटीवरचा ठसाही टाका. भोकांची मापं इंचात लिहा, म्हणजे माझ्याकडच्या ठशांशी ताडून बघतो.